ऐरणीजवळची जागा

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या गावलोहाराला ‘तुम्ही हा धंदा कुठे शिकलात?’ असे कोणी विचारले असते, तर त्याला प्रश्नाचेच नवल वाटले असते. लोहाराचा मुलगा लहानपणी भाता ओढायला बसे, थोडा थोराड झाला की घण मारी आणि बापाचा हात थकला की सांडशी आपल्या हाती घेई. सुताराच्या घरी वाकस, करवत, रंधा हीच पोरांची खेळणी. शिकणे आणि राबणे यांत भेद नव्हता. लोखंड किती लाल झाल्यावर ठोकायचे, कुऱ्हाडीला पाणी कसे द्यायचे, हे कोणी शब्दांत सांगत नसे. ते पाहून पाहून डोळ्यांत बसे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची ही सारी व्यवस्था तपशिलाने येते. तिचा एक गुण असा की कसब घराबाहेर न जाताही पिढ्यान्‌पिढ्या टिकले. दोषही त्याच गुणात होता. ऐरणीजवळ बसायची जागा जन्माने मिळे आणि जन्मानेच नाकारली जाई. महाराच्या मुलाचा हात कितीही चांगला असला, तरी सुताराच्या पडवीत त्याला रंधा धरायला कोण देणार होते?

या व्यवस्थेबाहेरचा पहिला कायदेशीर रस्ता कंपनी सरकारने काढला, तो १८५० च्या एकोणिसाव्या कायद्याने. अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या गरीब मुलांना एखादा धंदा शिकून पोट भरता यावे, हा त्याचा उद्देश. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बाप किंवा पालक लेखी कराराने एखाद्या उस्तादाच्या हवाली करू शके. मुदत जास्तीत जास्त सात वर्षे; एकविसाव्या वर्षानंतर करार चालत नसे आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नानंतर. मालकाने छळ केला किंवा शिकाऊ पळाला, तर दोघांच्याही तक्रारी मॅजिस्ट्रेटपुढे जात. विलायतेतल्या जुन्या रिवाजाचे हे कलम होते. पण जिथे बाप हाच गुरू, तिथे कागद कोण करणार? तरीही एक नवी गोष्ट त्या कायद्याने मांडली: धंदा शिकणे हा जन्माचा नव्हे, कराराचा विषय होऊ शकतो.

यानंतर शाळा आल्या. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. १८९१ मध्ये तिला कारागिरीच्या कार्यशाळांची जोड मिळाली. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. मध्ये शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिलीत यंत्रांचे ड्रॉइंग शिकवू लागले. पुढे ती नोकरी सोडून त्यांनी लोखंडी नांगर काढले आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे आसपासच्या खेड्यांतली माणसे कारखान्यातच काम करता करता घडली. १९१६ ते १९१८ या काळात सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या औद्योगिक आयोगाचे मतही याच वळणाचे होते. यंत्रकाम नुसत्या वर्गात येत नाही. शिकाऊ मुलाने कारखान्यात हात काळे करावेत आणि त्याच्या जोडीला वर्गात बसावे, अशी त्याची शिफारस होती.

पण मुंबईतल्या बहुसंख्य कामगारांना शाळाही मिळाली नाही आणि करारही नाही. गिरणीत शिरायचे ते जॉबरच्या ओळखीने. नवखा पोरगा गाववाल्याच्या किंवा काकाच्या मागाजवळ उभा राही, तुटलेला धागा जोडायला शिके आणि संधी मिळाली की बदलीवर लागे. शिक्षणाची फी नव्हती; ओळख हीच फी. बलुतेदारीच्या पडवीतली जात या वाटेने कारखान्यात आली.

याचा सर्वांत ठळक पुरावा विणकाम खात्यात दिसतो. कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी भरी आणि धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. या कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. सूतकताईच्या खात्यांत त्यांना काम मिळे, पण पगार विणकामात अधिक होता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच मुद्दा ठेवला: आमच्या माणसांना सर्व खाती खुली करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत हवी. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण खळखळ करीतच. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी पुन्हा हे दुखणे मांडले. रेल्वेत आपली माणसे गँगमन म्हणून लागतात आणि बहुधा गँगमन म्हणूनच निवृत्त होतात. हाताला कसब नव्हते म्हणून असे घडले नाही. कसब जिथे शिकता येते, तिथे उभेच राहू दिले नाही म्हणून घडले.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आजच्या आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने १८५० चा कायदा रद्द केला. चौदा वर्षांची किमान अट, लेखी करार, विद्यावेतन, दुखापतीची भरपाई हे सारे त्यात आहे. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवल्या. ज्या मुलाचा बाप, काका किंवा गाववाला कारखान्यात नाही, त्यालाही लेथजवळ उभे राहण्याचा हक्क प्रथमच कागदावर मिळाला.

त्याच कायद्याचे अठरावे कलम मात्र सांगते की शिकाऊ हा ‘कामगार’ नव्हे. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. गावलोहाराच्या घरी शिकणे आणि राबणे एकच होते. इथे कायद्याने त्यांच्यात रेघ ओढली. पण मशीनवर उभ्या राहिलेल्या मुलाच्या हातून माल निघतच असतो आणि तो विकलाही जातो. त्याला शिकवतात किती आणि राबवतात किती, याचा हिशेब प्रत्येक कारखान्यात वेगळा निघतो. मुदत संपल्यावर त्याच्या हाती प्रमाणपत्र येते; नोकरी द्यायची की नाही, हे मालक ठरवतो.