थेटफर्डचे दोन पुतळे

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या इंग्लंडमध्ये नॉर्विचला शिकते आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात होती, मराठी तिला मी शिकवायचो. मध्यंतरी तिचा मेसेज आला, "सर, शनिवारी परदेशी विद्यार्थ्यांची सहल निघणार आहे. थेटफर्ड नावाचं बाजाराचं गाव आहे. इथले सगळे म्हणतात, तिथं बघण्यासारखं काही नाही. जाऊ की नको?"

इंग्लंड मी पाहिलेले नाही. पण थेटफर्ड हे नाव मला बी.एड. करत असतानाच भेटले होते, तेही महात्मा फुल्यांचे चरित्र वाचताना. मी तिला लिहिले, "जरूर जा. दोन पुतळे आहेत, ते नीट बघ. दोन्हींचा आपल्याशी संबंध आहे." तिने विचारले, "कसा?" त्याचे उत्तर लिहायला बसलो आणि मेसेज काही संपेना. म्हणून हा लेख.

थेटफर्ड नॉरफोक परगण्यात आहे. नॉर्विचहून केंब्रिजकडे जाणारी रेल्वे इथे थांबते. थेट आणि लिटल औझ या दोन नद्यांचा इथे संगम होतो. नदीला उतार होता, म्हणून वाट आली, वाट आली म्हणून बाजार भरला, बाजार भरला म्हणून गाव वाढले. आपल्याकडच्या कितीतरी पेठांची गोष्ट अशीच आहे. हजार वर्षांपूर्वी थेटफर्ड इंग्लंडमधल्या मोठ्या शहरांत गणले जाई. काही वर्षे बिशपची गादीही इथे होती, ती अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्विचला गेली आणि गावाचे महत्त्व हळूहळू उतरले. नॉर्मन राज्यकर्त्यांनी किल्ल्यासाठी उभारलेली मातीची प्रचंड टेकडी आजही गावात आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी उभा राहिलेला ख्रिस्ती मठ आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० साली, बंद झाला. त्याच्या पडक्या भिंती आज कोणीही पाहू शकतो.

पण मला सांगायचे आहे ते त्या पुतळ्यांविषयी.

पहिला पुतळा किंग स्ट्रीटवर आहे. सोनेरी मुलामा दिलेला, एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात पुस्तक. हा टॉमस पेन. १७३७ साली तो या गावात जन्मला. बाप क्वेकर पंथाचा, धंदा स्त्रियांचे कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळून धरणारे वस्त्र, शिवण्याचा. पोराला गावच्या ग्रामर स्कूलमध्ये घातले, पण लॅटिन शिकू दिले नाही, कारण ज्या पुस्तकांतून लॅटिन शिकवत ती पुस्तके क्वेकरांना पसंत नव्हती. बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर शाळा सुटली आणि मुलगा बापाच्या हाताखाली शिवणकामाला बसला.

पुढे हाच मुलगा अमेरिकेत गेला. १७७६ च्या जानेवारीत त्याने 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका काढली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू साध्या माणसाला कळेल अशा भाषेत मांडली. १७९१ आणि १७९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन'चे दोन भाग आले. माणसाचे हक्क राजाने दिलेले नसतात, ते जन्माने सोबत येतात, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या भागात त्याने हिशेब मांडून दाखवला, की सरकारने ठरवले तर म्हाताऱ्यांना पेन्शन देता येईल आणि गरिबाच्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड देऊन त्याला शाळेत पाठवता येईल. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने लिहिलेला हा हिशेब आहे, हे मला शिक्षक म्हणून विसरता येत नाही.

इंग्लंडच्या सरकारने त्याच्यावर राजद्रोही लिखाणाचा खटला भरला. तो फ्रान्सला निघून गेला होता, त्याच्या गैरहजेरीत १७९२ च्या डिसेंबरात त्याला दोषी ठरवले. गावोगाव त्याच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. फ्रान्समध्ये तो लोकप्रतिनिधी झाला. राजेशाही त्याला नको होती, तरी राजाचा जीव घेऊ नका, असे त्याने तिथे सांगितले. त्याबद्दल पॅरिसच्या तुरुंगात दहा महिने काढले. १८०९ साली न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा दफनाला मोजकीच माणसे होती. दहा वर्षांनी त्याच्या एका चाहत्याने त्याची हाडे उकरून इंग्लंडला आणली, ती पुढे हरवली. थेटफर्डमध्ये त्याचा पुतळा बसायला १९६४ साल उजाडले, आणि तोही अमेरिकेतल्या चाहत्यांच्या पुढाकाराने. गंमत म्हणजे पुतळ्याच्या हातातले 'राइट्स ऑफ मॅन' उलटे धरलेले आहे.

पेनचे शेवटचे मोठे पुस्तक 'एज ऑफ रीझन'. एका निर्मात्यावर त्याचा विश्वास होता, पण कुठलाच ग्रंथ ईश्वराकडून आला असे तो मानत नव्हता. त्यात आपले कुराणही आले. हे मला अर्थातच मान्य नाही. पण ज्याचे सगळे पटते त्यालाच वाचायचे असे ठरवले, तर आपण काही शिकणारच नाही. पेनचा बाप लॅटिनला भ्याला तसेच ते होईल.

आता फुल्यांकडे येतो. जोतिराव लहान असताना लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढले आणि मळ्याच्या कामाला लावले. हा मुलगा हुशार आहे, त्याला पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांना समजावणारे दोन शेजारी होते. एक लिजिटसाहेब आणि दुसरे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी. १८४१ साली जोतिराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. १८४७ मध्ये, वयाच्या विशीत, त्यांच्या वाचनात 'राइट्स ऑफ मॅन' आले. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. त्यापायी घर सोडावे लागले तेव्हा फुले दांपत्याला आसरा दिला उस्मान शेख यांनी. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमा हे नाव येते, तेही याच कामाच्या संदर्भात.

थेटफर्डच्या शिंप्याचा मुलगा आणि पुण्याच्या माळ्याचा मुलगा. दोघांचीही शाळा मध्येच सुटली. एकाला पुन्हा शाळेत घालणारा मुन्शी शेजारी भेटला. तो भेटला नसता तर इंग्रजी आले नसते आणि पेनचे पुस्तक आपल्याकडे कदाचित बंदच राहिले असते.

दुसरा पुतळा नदीतल्या बटन आयलंड या छोट्याशा बेटावर आहे. घोड्यावर बसलेला शीख राजा, कांस्याचा. हे पंजाबचे शेवटचे महाराजा दलीपसिंग, रणजितसिंगांचे चिरंजीव. पाचव्या वर्षी गादीवर बसले. १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पंजाब खालसा केले, तेव्हा दहा वर्षांच्या या मुलाची सही घेऊन राज्यही घेतले आणि कोहिनूरही. आईपासून तोडले, १८५३ मध्ये ते ख्रिस्ती झाले, दुसऱ्या वर्षी इंग्लंडला नेले गेले. १८६३ मध्ये थेटफर्डपासून सहाएक किलोमीटरवरची एल्व्हडनची जहागीर त्यांना मिळाली. तिथल्या इंग्रजी हवेलीची आतली दालने त्यांनी हिंदुस्थानी महालासारखी सजवून घेतली. परक्या मुलखात गेलेला माणूस घरात गावाकडचे काहीतरी मांडून ठेवतोच.

१८८६ मध्ये ते भारताकडे निघाले. एडनला इंग्रजांनी अडवले. तिथेच त्यांनी पुन्हा शीख धर्म स्वीकारला, पण पंजाब काही दिसला नाही. १८९३ मध्ये पॅरिसला वारले आणि दफन झाले एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात. आजही शीख कुटुंबे ती कबर पाहायला येतात. त्यांचे चिरंजीव प्रिन्स फ्रेडरिक यांनी व्हाइट हार्ट स्ट्रीटवरचे पंधराव्या शतकातले लाकडी घर विकत घेऊन गावाला दिले. त्याचे नाव एन्शंट हाउस. आज ते गावचे संग्रहालय आहे. राज्य गेलेल्या घराण्याने ज्यांनी घेतले त्यांच्याच एका गावाला त्याचा इतिहास जपायला घर दिले. महाराजांचा पुतळा मात्र १९९९ मध्ये बसला.

तारखा शेजारी ठेवून बघा. १८४७ मध्ये पुण्यात एक तरुण थेटफर्डच्या माणसाचे पुस्तक वाचतो. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या मुलाकडून कोहिनूर घेतला जातो आणि १८५० मध्ये तो मुंबई बंदरातून जहाजाने इंग्लंडला रवाना होतो. हिरा इकडून तिकडे गेला, पुस्तक तिकडून इकडे आले. हिरा परत मागणारे पुष्कळ आहेत आणि मागणी रास्तच आहे. पण आलेल्या पुस्तकाचे आपण काय केले, हेही कधीतरी विचारायला हवे.

थेटफर्डलाही हाच प्रश्न विचारता येतो. गेल्या काही दशकांत तिथे पोर्तुगाल आणि पूर्व युरोपातून पुष्कळ लोक कामाला आले. २००४ मध्ये युरो स्पर्धेत पोर्तुगालने इंग्लंडला हरवले, त्या रात्री पोर्तुगीज लोक जमले होते त्या पबवर जमावाने हल्ला केला. माणसाच्या हक्कांचे पुस्तक हाती घेतलेला पुतळा त्याच गावात उभा होता. पुतळा बसवला की काम संपले असे होत नाही, हे आपल्यालाही कोणी वेगळे सांगायला नको.

सहल झाली. रविवारी तिचा फोन आला. पेनच्या पुतळ्यापाशी बरोबरच्या एका नायजेरियन मुलाने विचारले म्हणे, "तुझ्या देशात याला कोण ओळखतं?" तिने फुल्यांची गोष्ट सांगितली, भिडेवाड्याची सांगितली. मग म्हणाली, "सर, मी गफार बेग मुन्शींचं नावही सांगितलं. सगळ्यांनी दोनदा विचारून घेतलं."

फुल्यांच्या चरित्रांत या मुन्शींना दोन-चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. थेटफर्डच्या बाजारात, सोनेरी पुतळ्यासमोर, आमच्या शाळेतल्या मुलीने त्यांचे नाव घेतले. उर्दू शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा इनाम कोणता?