बिनतारी कार्डाचा पाटकरी

शाळेला कोणी एखादा जुना लॅपटॉप भेट देते. त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवली जाते. पडदा उजळतो, कळफलक चालतो, आवाजही येतो. फक्त वायफाय लागत नाही. कार्ड जागेवर आहे, विंडोज असताना तेच कार्ड व्यवस्थित चालत होते, राउटरही चालू आहे. मग अडले कुठे? या प्रश्नाचे उत्तर जितके तांत्रिक आहे तितकेच ऐतिहासिकही आहे. त्या इतिहासाचा एक धागा रायगड जिल्ह्यातील एका छोट्या शाळेपर्यंत येतो.

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या, नीरा डाव्या कालव्याच्या भागातील गावात हा विषय समजावणे सोपे जाते. कालव्याला पाणी आलेले असते, शेतापर्यंत चारी काढलेली असते. तरी मधल्या दाराचे चाक फिरवायला पाटकरी लागतो. कोणते दार, किती आणि किती वेळ उघडायचे, हे त्याला ठाऊक असते. संगणकात कार्ड म्हणजे दार, कार्यप्रणाली म्हणजे पाणीवाटपाचे कार्यालय आणि या दोहोंमधला पाटकरी म्हणजे ‘ड्रायव्हर’ ही छोटी आज्ञावली. कार्यप्रणाली फक्त म्हणते, ‘हा मजकूर पाठव’. ड्रायव्हर ते काम कार्डाच्या भाषेत करून घेतो: अमुक कप्प्यात अमुक संख्या लिहायची, ठरावीक उत्तर येईपर्यंत थांबायचे, मग पुढची संख्या लिहायची. कप्पे कोणते आणि संख्या कोणत्या, हे कार्डाच्या उत्पादकाच्या कागदपत्रांत असते. ते कागद मिळाले नाहीत, तर हुशार माणसालाही पाटकरी घडवणे फार अवघड जाते.

कागद हाती नसताना

लिनस टॉर्व्हाल्ड्सने लिनक्सची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध केली. बिनतारी जाळ्याचे ८०२.११ हे प्रमाण १९९७ साली ठरले. सुरुवातीला बिनतारी कार्ड वेगळे विकत घेऊन लॅपटॉपमध्ये खोचावे लागे. त्यामुळे लिनक्स वापरणारा माणूस चालणारे कार्ड निवडून घेऊ शकत असे. मार्च २००३ मध्ये इंटेलने ‘सेंट्रिनो’ बाजारात आणले आणि बिनतारी कार्ड लॅपटॉपच्या पोटातच बसून येऊ लागले. निवड संपली. जे कार्ड आत असेल त्याच्याशी जुळवून घेणे भाग पडले.

बरेच उत्पादक विंडोजसाठी तयार ड्रायव्हर देत, पण कागदपत्रे देत नसत. यामागे व्यापारी गुप्तता होती, तसेच एक कायदेशीर कारणही पुढे केले जाई. हे कार्ड म्हणजे एक छोटे रेडिओ प्रक्षेपक असते. कोणत्या कंप्रतेवर किती शक्तीने प्रक्षेपण करायचे याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग २०१८ साली. ‘सगळे उघड केले तर लोक नियम मोडतील,’ असा उत्पादकांचा युक्तिवाद होता.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली उसन्या पाटकऱ्याची. २००३ साली पोंटस फुक्स याने ‘एनडिसरॅपर’ ही आज्ञावली सुरू केली. पुढे ती गिरिधर पेम्मसानी यांनी वाढवली. विंडोजचा ड्रायव्हर जसाच्या तसा घ्यायचा आणि तो विंडोजमध्येच आहे असा त्याचा समज करून द्यायचा, ही तिची युक्ती. काम भागे, पण आत काय चालले आहे ते दिसत नसे आणि बिघाड झाला तर दुरुस्ती करता येत नसे.

दुसरी वाट कष्टाची होती. शेजारच्या कालव्यावरचा पाटकरी चाक कसे फिरवतो, ते दुरून पाहून लिहून काढायचे. ब्रॉडकॉमच्या कार्डांबाबत हे काम दोन गटांनी वाटून घेतले. एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर तपासून कार्ड कसे वागते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर न पाहता केवळ वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. त्यामुळे नक्कल केल्याचा आरोप टिकत नाही. गंमत अशी, की तपासणीला उपयोगी पडलेला बंद ड्रायव्हर घरगुती राउटरमधला होता आणि तो राउटर स्वतः लिनक्सवरच चालत होता! हा नवा ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला.

खैराटची शाळा

याच काळात अमेरिकेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ हा प्रकल्प आकार घेत होता. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली तो नाकारला. तरीही २००७ साली कर्जत तालुक्यातील खैराट या गावातील छोट्या प्राथमिक शाळेत त्याचा प्रयोग सुरू झाला आणि मुलांच्या हाती ‘एक्सओ’ नावाची हिरवी-पांढरी यंत्रे आली. त्यांवर लिनक्स चालत असे. दोन्ही बाजूंना सशाच्या कानांसारखे अँटेना होते.

राउटर नसतानाही ही यंत्रे एकमेकांशी बोलत. मधले यंत्र दूरच्या यंत्राचा निरोप पुढे पोहोचवी. याला ‘मेश’ म्हणजे जाळीदार रचना म्हणतात. वीज वाचवण्यासाठी मुख्य प्रक्रियक झोपला तरी निरोप पुढे जायला हवेत, अशी प्रकल्पाची अट होती. म्हणून मार्व्हेल कंपनीची अशी चिप निवडली, की जिच्यात स्वतःचा छोटा प्रक्रियक होता. त्या प्रक्रियकाची आज्ञावली म्हणजे ‘फर्मवेअर’. संगणक सुरू होताना ती चिपमध्ये भरली जाई. थोडक्यात, दाराच्या आतच आणखी एक पाटकरी बसवलेला होता.

वादही इथेच झाला. या चिपचा ‘लिबर्टास’ हा ड्रायव्हर खुला होता आणि जुलै २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलाही. फर्मवेअर मात्र बंद होते. ‘ओपनबीएसडी’ या मुक्त कार्यप्रणालीचे प्रमुख थिओ द राट यांनी २००६ सालीच यावर कठोर टीका केली होती. मुलांनी यंत्र उघडून शिकावे असे म्हणायचे आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग कुलूपबंद ठेवायचा, हे कसे? प्रकल्पाचे म्हणणे असे, की झोपेतही निरोप पोहोचवणारी दुसरी चिप उपलब्धच नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते.

पुढे अनुभव काय आला? थोडी यंत्रे असताना मेश ठीक चाले. एकाच खोलीत अनेक यंत्रे आली, की प्रत्येक जण ‘मी इथे आहे’ असे सांगे, शेजारी ते पुन्हा सांगत आणि हवेतील मार्ग त्या गलक्यानेच भरून जाई. मोठ्या शाळांना साधे राउटर लावण्याचा सल्ला द्यावा लागला. निरोप पुढे पाठवण्याची पद्धत फर्मवेअरमध्ये असल्याने बाहेरच्या तंत्रज्ञांना तिच्यात हात घालता येत नव्हता. यावर उपाय म्हणून मेशची आज्ञावली चिपमधून काढून लिनक्सच्या गाभ्यात उघडपणे लिहिण्याचे काम सुरू झाले. ते जुलै २००८ च्या आवृत्तीत सामील झाले, तर मेशचे अधिकृत प्रमाण त्यानंतर, २०११ साली आले.

चारीच्या कडेने चालत जाणे

शेतात पाणी आले नाही, तर शेतकरी मुखापासून चारीच्या कडेने चालत जातो आणि कुठे फुटले आहे ते पाहतो. बिनतारी कार्डाचा दोष शोधण्याची रीत हीच आहे, आणि वरचा इतिहास माहीत असला की तिच्यातली प्रत्येक पायरी कळते.

पहिली पायरी, कार्ड दिसते का? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा आतील कार्डांची यादी देते, ‘एलएसयूएसबी’ बाहेरून जोडलेल्यांची. आतील कार्डाचा उत्पादक-क्रमांक १४ई४ असेल तर चिप ब्रॉडकॉमची, १६८सी असेल तर अ‍ॅथेरॉसची, ८०८६ असेल तर इंटेलची. खोक्यावरील नावावर विसंबू नये; एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिप विकल्या जातात. दुसरी पायरी, त्या कार्डाला ड्रायव्हर जोडला गेला का? तिसरी, फर्मवेअरची फाइल सापडली का? ‘डीमेसग’ ही आज्ञा गाभ्याची रोजनिशी दाखवते; फाइल नसल्याची तक्रार तिथे स्पष्ट लिहिलेली असते. चौथी, रेडिओ बंद तर नाही? ‘आरएफकिल’ सांगते, की तो आज्ञावलीने बंद आहे की बाजूच्या खटक्याने. पाचवी, देश कोणता धरला आहे? राउटर १३व्या मार्गिकेवर असेल आणि कार्ड अमेरिकेचे नियम पाळत असेल, तर ते राउटर दिसणारच नाही, कारण तिथे सहसा ११ पर्यंतच मार्गिका वापरतात. हे सगळे ठीक असेल, तरच परवलीचा शब्द तपासावा.

दर वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते वहीत लिहावे. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो. इथे त्याचे फळ लगेच दिसते.

नंतर परिस्थिती पुष्कळ बदलली. अ‍ॅथेरॉसने २००८ साली आणि ब्रॉडकॉमने २०१० साली खुले ड्रायव्हर दिले, आणि आज बहुतेक कार्डे लिनक्सवर आपोआप चालतात. फर्मवेअर मात्र बहुधा बंदच असते. अ‍ॅथेरॉसच्या काही यूएसबी कार्डांचे फर्मवेअर २०१३ साली खुले झाले, हा विरळा अपवाद. कंपनीने एखाद्या चिपकडे लक्ष देणे थांबवले, की बंद फर्मवेअरमधला दोष कायमचा राहतो, मग कार्ड कितीही धडधाकट असो. म्हणून शाळेसाठी यंत्र घेताना किंमत आणि वेग यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: याची चिप कोणती, आणि तिचा पाटकरी कोणाच्या हाती आहे?