जहाजाच्या अंदाजावर उडणारी विमानं

आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेनं १९९३ साली एक मानक प्रसिद्ध केलं, क्रमांक १२७८. वेगवेगळ्या गावांतले लष्करी सिम्युलेटर एकमेकांना जोडायचे तर त्यांनी एकमेकांना कोणते निरोप, कोणत्या साच्यात पाठवायचे, याचे ते नियम. रुक्ष प्रकरण. पण ‘मी आत्ता कुठे आहे’ हे सांगणारा जो कमीत कमी १४४ बाइटांचा निरोप आहे, त्यातल्या एका रकान्याच्या नावापाशी मी थबकलो. डेड रेकनिंग. हा शब्द मला ठाऊक होता तो कोलंबसामुळे! किनारा दिसत नाही, तेव्हा वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांच्यावरून आपण कुठे असू हे ठरवायची ती खलाशांची जुनी रीत. ती लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये काय करत होती? तेव्हापासून मी तिच्या मागावर आहे, आणि आता माझं ठाम मत झालं आहे की आठ-दहा मित्र आपापल्या घरी बसून एकाच आकाशात लढू शकतात, ते या रीतीच्या जोरावर.

रूढ वंशावळ बहुतेकांना पाठ असते, म्हणून ती भराभर सांगतो. ऑर्गन बनवणाऱ्या घरातल्या एडविन लिंकनं १९२९च्या सुमारास बिंगहॅमटन गावी भात्यांवर डोलणारं शिकाऊ विमान बनवलं. १९७४ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो संगणकावर ब्रँड फोर्टनरचं ‘एअरफाइट’ आलं. त्याच विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविकनं घरगुती संगणकासाठी फ्लाइट सिम्युलेटर लिहिला, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टनं तो आपल्या नावावर विकायला काढला. १९८७ साली ‘फाल्कन’, २००१ साली ‘आयएल-२ स्टुर्मोविक’, पुढे ‘डीसीएस’ आणि ‘वॉर थंडर’.

या वंशावळीत पडद्यावरचं चित्र कसं सुधारत गेलं ते कळतं. एक मोठी अडचण मात्र तिच्यात कुठेच दिसत नाही. ‘एअरफाइट’मध्ये सगळ्यांची विमानं एकाच मोठ्या संगणकाच्या पोटात उडत. खेळाडूंसमोरचे नारिंगी पडदे नुसत्या खिडक्या होत्या, आणि त्या तरी केवढ्या? टर्मिनलपर्यंत येणाऱ्या तारेतून सेकंदाला फार तर साठ रेघा काढण्याइतका मजकूर जायचा. पण कोण कुठे आहे याबद्दल वाद व्हायला जागाच नव्हती, कारण हिशेब एकाच ठिकाणी होत होता. अडचण सुरू झाली ती प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा हिशेब करणारं यंत्र आलं तेव्हा. माझं विमान माझ्या यंत्रात, तुझं तुझ्या. मधल्या तारेला वेळ लागतो. मग तुझं विमान मी माझ्या पडद्यावर काढायचं तरी कुठे?

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीनं याला सगळ्यात सरळ उत्तर दिलं. गॅरी टॅरोलीनं १९८३ साली कंपनीच्या यंत्रांची ताकद दाखवायला ‘फ्लाइट’ लिहिलं होतं. त्याला नेटवर्क जोडून ‘डॉगफाइट’ झालं. त्यात प्रत्येक यंत्र दर चित्रागणिक सगळ्यांना ओरडून सांगायचं, मी इथे, मी इथे, मी इथे. चार-दोन विमानं असेपर्यंत मजा यायची. संख्या वाढली की कचेरीतलं अख्खं नेटवर्क तुंबायचं आणि बाकीच्यांची कामं अडायची.

आता जरा जहाजावर जाऊ. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रज जहाजावर वेग मोजायचं साधन म्हणजे शिशाचं वजन लावलेली लाकडी फळी. ती मागच्या बाजूनं पाण्यात सोडायची. फळी पाण्यात जागच्या जागी उभी राहते, जहाज पुढे जातं आणि दोर सुटत जातो. दोराला ठरावीक अंतरावर गाठी. पुढे हे अंतर ४७ फूट ३ इंच ठरलं आणि त्याच्या जोडीला २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हातातून गेल्या, तितके नॉट वेग. दर अर्ध्या तासाला दिशा टिपायला भोकं पाडलेली एक पाटी असे. तिच्यात खुंट्या बसवायच्या आणि चार तासांची पाळी संपली की सगळ्या खुंट्यांचा एकत्र हिशेब करून नकाशावर टिंब द्यायचं. जहाज त्या टिंबावर आहे असं धरूनच पुढचा हुकूम सुटायचा. मग एखाद दिवशी ओळखीचं भूशिर दिसलं की जुनं टिंब खोडायचं आणि खऱ्या जागेवरून नवा हिशेब धरायचा. हे खोडणं लक्षात असू द्या, माझ्या सगळ्या युक्तिवादाची भिस्त त्याच्यावर आहे.

ही रीत जहाजावरून विमानात आली, याबद्दल वाद नाही. १९२७ साली लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा गेला तो याच हिशेबावर, आणि रात्रभर समुद्रावर उडून आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला तेव्हा ठरलेल्या वाटेच्या अगदी जवळ होता. याच वैमानिकी जमान्यात या नावाची एक नवी व्युत्पत्तीही पसरली. मूळ शब्द ‘डेड’ नसून ‘डिड्यूस्ड’, म्हणजे निष्कर्षानं काढलेलं, याचा तो संक्षेप आहे, असं वैमानिकांच्या पुस्तकांतून सांगितलं जाऊ लागलं. मला ती मुळीच पटत नाही. ‘डेड’ हे रूप इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतं, संक्षेपाची गोष्ट मात्र विसाव्या शतकाआधी कोणी सांगितलेली नाही. पण ती खोटी असली तरी माझ्या कामाची आहे. विसाव्या शतकात ही रीत वैमानिकांनी किती आपलीशी केली होती, याची ती खूण आहे. माझ्या मते सिम्युलेटरवाल्यांच्या हाती हा शब्द आला तो जहाजावरून थेट नव्हे, कॉकपिटमधून.

असं वाटायचं कारण जॅक थॉर्प, अमेरिकी हवाई दलातला अधिकारी. वैमानिकांचं प्रशिक्षण हा त्याचा विषय. सिम्युलेटर एकेकटे न ठेवता एकमेकांना जोडावेत ही कल्पना त्यानं १९७८ साली मांडली, तीही वैमानिकांसाठीच. पुढे तो डार्पा या लष्करी संशोधन संस्थेत गेला आणि १९८३ पासून सिमनेट हे जोडलेल्या सिम्युलेटरांचं जाळं उभं राहू लागलं. गंमत अशी की पैसा आणि गरज भूदलाकडे निघाली, म्हणून विमानांऐवजी आधी रणगाडे जोडले गेले. १९९०च्या सुमारास अमेरिका आणि जर्मनीतल्या तळांवर सुमारे २५० सिम्युलेटर एकाच रणांगणात वावरत होते. नेटवर्कचं काम मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन कंपनीकडे होतं. तिथल्या मंडळींनी ‘डॉगफाइट’सारखी आरडाओरड टाळायला खलाशांची रीत उचलली.

त्यांनी ती उचलली, पण उलटी करून. खलाशी स्वतःची जागा अंदाजतो. इथे प्रत्येक यंत्र दुसऱ्याची जागा अंदाजतं. तुझा शेवटचा निरोप आला तेव्हा तू अमुक ठिकाणी, अमुक वेगानं, अमुक दिशेनं होतास. पुढचा निरोप येईपर्यंत मी तुझं भूत त्याच वाटेनं पुढे सरकवत राहतो. खरी करामत त्याच्या पुढे आहे. तुझं यंत्र तुझी खरी जागा तर ओळखतंच, शिवाय बाकीचे सगळे तुला कुठे समजत असतील, तेही शेजारी मांडत राहतं. तुझं खरं विमान आणि तुझं भूत यांच्यातलं अंतर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं, की मगच ते नवा निरोप पाठवतं. तू सरळ चालला असशील तर गप्प बसतं. फारच वेळ गप्प राहिलं तर इतरांना वाटेल मेलं, म्हणून १२७८ मानकात दर पाच सेकंदांनी एकदा ‘आहे’ एवढं कळवायची सोय आहे. तुंबणाऱ्या तारेत एकदम जागा झाली.

या उगमाला प्रतिस्पर्धी आहेत. पहिला दावा रडारवाल्यांचा. दिसलेल्या ठिपक्यांवरून शत्रूचं विमान पुढे कुठे असेल हे गणितानं काढायची पद्धत रडारकडे आधीपासून होती, कालमनची प्रसिद्ध गाळणी १९६० सालची. मग नाव खलाशांचं असलं तरी तंत्र रडारचं का नसावं? माझं उत्तर त्या खोडण्यात आहे. रडारचं गणित नव्या ठिपक्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही, जुना अंदाज आणि नवं निरीक्षण यांचं मिश्रण करतं. जोडलेल्या सिम्युलेटरांची मूळ रीत तशी नव्हती. नवा निरोप आला की जुना अंदाज टाकून द्यायचा आणि भूत उचलून खऱ्या जागेवर ठेवायचं, अगदी भूशिर दिसल्यावर खलाशानं टिंब हलवावं तसं. पडद्यावरची ही उडी डोळ्यांना खुपायची म्हणून ती गुळगुळीत करायचे उपाय नंतर आले. स्वभावानं ही रीत नकाशावर टिंब देणाऱ्याची आहे.

दुसरा दावा तरुण गेमर करतात. त्यांच्या मते अंदाजाचा खेळ सुरू झाला १९९६ साली ‘क्वेकवर्ल्ड’ या बंदूकबाजीच्या खेळात, त्याचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅकच्या हातून. कारमॅकबद्दल मला नितांत आदर आहे, पण त्यानं सोडवलेला प्रश्न वेगळा होता. तिथे निर्णय दूरच्या सर्व्हरचा. माझी स्वतःची हालचाल सर्व्हरची वाट न पाहता माझ्या पडद्यावर लगेच दिसावी, यासाठी तो अंदाज होता. विमानांचा प्रश्न दुसऱ्यांच्या जागेचा होता, आणि त्याचं उत्तर आधीच सापडलं होतं.

तिसरा दावा सगळ्यात भक्कम, केसमाईचा. केल्टन फ्लिन आणि जॉन टेलर यांच्या या व्हर्जिनियातल्या छोट्या कंपनीनं १९८८ साली जीनी या ऑनलाइन सेवेवर ‘एअर वॉरियर’ आणलं. तासागणिक पैसे मोजून, फोनच्या तारेवर, ओरडणाऱ्या मोडेमवरून अनोळखी माणसं स्पिटफायर आणि मेसरश्मिट उडवू लागली. सिमनेटकडे खास तारा होत्या, यांच्याकडे सेकंदाला शे-दोनशे अक्षरं जेमतेम नेणारा मोडेम. केसमाईनं सिमनेटकडून काही घेतलं असं मला वाटत नाही. इतक्या बारीक नळीतून दुसऱ्याचं विमान दाखवायचं तर अंदाजाशिवाय गत्यंतरच नव्हतं. ज्याला किनारा दिसत नाही, तो डेड रेकनिंगपर्यंत आपोआप येतो. त्यामुळे मी दोन शाखा मानतो. सिमनेटची शाखा मानकांत आणि लष्करात गेली. केसमाईची शाखा ‘वॉरबर्ड्स’ आणि ‘एसेस हाय’ या ऑनलाइन विमानखेळांमधून आपल्यापर्यंत आली.

विमानांना ही रीत इतकी का मानवते, हे आकड्यांत बघा. मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान ताशी ५४० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला १५० मीटरनं चाललंय. निरोप ०.२ सेकंद अडला आणि अंदाज केलाच नाही, तर पडद्यावरचं विमान ३० मीटर मागे दिसेल. वेग धरून सरळ अंदाज केला आणि नेमकं तेव्हाच त्यानं ६ जीचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट जोराचं, करकचून वळण घेतलं, तरी चूक सव्वा मीटरच्या आत. मस्टँगचे पंखच सव्वाअकरा मीटर आहेत. अर्धा सेकंद अडला तर चूक सात मीटरवर जाते, एक सेकंद अडला तर २९ मीटर, आणि गोळ्या हवेत जातात. बंदूक घेऊन धावणारा माणूस जागच्या जागी उलटा फिरतो. विमानाला आपलं वजन आणि वेग ओढत न्यावाच लागतो. जहाजालाही तो ओढावा लागायचा.

आमचा गट पुणे आणि नाशिकचा, एक जण न्यू जर्सीत. तिथे सकाळ असते तेव्हा आमची जेवणं उरकलेली असतात. दोघे पंखाला पंख लावून निघालो की एक गोष्ट हमखास घडते. मी म्हणतो, मागे का राहिलास? तो म्हणतो, मीच पुढे आहे. निरोपाला लागलेला वेळ हिशेबात धरला नसेल तर दोघंही खरं बोलत असतात. एका दिशेला ०.१२ सेकंद लागत असतील, तर त्या वेगात प्रत्येकाला दुसरा १८ मीटर मागे दिसतो. याच कारणानं ‘एसेस हाय’मध्ये टक्कर ज्याच्या यंत्रावर झाली त्याचंच विमान मोडतं. दुसऱ्याच्या आकाशात ती झालेलीच नसते.

म्हणून मंडळी जमली की खेळ निवडताना मी आधी कोण कुठून येणार ते विचारतो. सगळे जवळपासचे असतील तर ‘आयएल-२’, जुने संगणक असतील तर त्याचीच ‘१९४६’ ही आवृत्ती. दोन-तीनशे मीटरवरून तोफांनी लढायचं तर भूत आणि खरं विमान जवळजवळ एकच असावं लागतं. परदेशातला कोणी असेल तर ‘फाल्कन बीएमएस’, १९९८च्या ‘फाल्कन ४.०’ला चाहत्यांनी जिवंत ठेवलेलं रूप. तीस-चाळीस किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सोडताना वीस मीटरची चूक कोणाला जाणवत नाही, आणि मोहीम सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची असल्यानं गप्पाही होतात. ‘डीसीएस’ मला मनापासून आवडतं, पण हवेत इंधन भरायचा कार्यक्रम असेल त्या दिवशी नेटवर्क चांगलंच लागतं. तिथे हातभर अंतरानंही बिघडतं.

आणि तुकडीचा पुढारी निवडायचा तो हलक्या हाताचा. जो विमान वळवायची काठी, म्हणजे जॉयस्टिक, सावकाश हलवतो, त्याचं भूत त्याला चिकटून राहतं आणि मागच्यांना त्याच्या शेजारी उडता येतं. याची उलटी बाजू लबाड खेळाडूंना फार लवकर कळली. शत्रू पाठीमागे लागला की काठी वेड्यासारखी चहूकडे फिरवायची. दर निरोपाला अंदाज चुकतो, शत्रूच्या पडद्यावर विमान नाचायला लागतं आणि त्याचा नेम बसत नाही. सचोटीनं उडणाऱ्यांना याची विलक्षण चीड येई. ‘एसेस हाय’च्या कर्त्यांनी शेवटी त्यावर इलाजच केला. काठी फार भराभर हलवली की पडद्यावर ताकीद येते, इतक्या जोरात हलवू नका, आणि तेवढ्यापुरती विमान वळवणारी पातीच तुमचं ऐकेनाशी होतात.