पदकाच्या कडेवरचं नाव

लहानपणापासून मला जुनी नाणी जमवायचा नाद. शिवराई, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा असं काहीबाही अजून डब्यात आहे. पदकांच्या वाटेला मात्र कधी गेलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी मुलगी इंग्लंडात न्यूकॅसलला होती, तेव्हा दोन महिने तिच्याकडे राहिलो. शेजारी एक निवृत्त बोटीवरचे गृहस्थ, साधारण माझ्याच वयाचे. माझा नाद कळल्यावर त्यांनी एक दिवस चहाला बोलावलं आणि मखमली खणांची एक पेटी पुढ्यात उघडली. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवल्याबद्दल दिलेली जुनी पदकं त्यात होती.

आपण नाणं हातात घेतलं की आधी छाप बघतो. त्यांनी पदक उचललं आणि आधी त्याची कड खिडकीच्या उजेडात धरली. कडेवर ज्याला दिलं त्याचं नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं, आणि पुष्कळदा पदक द्यायचा ठराव झाला ती तारीखही. या छंदाचा सगळा जीव त्या कडेत आहे. नाव लागलं की जुन्या दफ्तरांतून, वर्तमानपत्रांतून माणूस सापडतो, बोट सापडते, त्या रात्री वारा कसा होता तेही सापडतं. नाव कोणी घासून टाकलेलं असेल, तर चांदी तेवढीच असली तरी संग्राहकाच्या लेखी त्या पदकाला फारशी किंमत उरत नाही.

यातली बरीच पदकं तिथल्या लाइफबोट संस्थेची. आयल ऑफ मॅन बेटावर राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीतून ती १८२४ साली लंडनमध्ये स्थापन झाली. पदकावर राजाचा मुखवटा असे. पहिला चौथ्या जॉर्जचा, १८६२ पासून व्हिक्टोरिया राणीचा, पुढे एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज. त्यानंतर राजाचा मुखवटा वापरायची परवानगी मिळाली नाही, म्हणून १९३७ पासून तिथे खुद्द हिलरी आले! मला तर हा बदल फार आवडला. मागच्या बाजूला बहुतेक काळ विल्यम वायनने कोरलेलं चित्र: होडीतले तिघे एका माणसाला पाण्यातून वर ओढताहेत. सोन्याचं पदक फार दुर्मिळ, दोनशे वर्षांत जेमतेम दीडशे. क्रोमर गावचा हेन्री ब्लॉग हा खेकडे पकडणारा कोळी. त्याला १९१७, १९२७ आणि १९४१ अशी तीन सोन्याची पदकं मिळाली आणि चांदीची चार. या गड्याला पोहता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी जावईबापूंनी बँबरो गावी नेलं. तिथे ग्रेस डार्लिंगचं संग्रहालय आहे आणि तिने वल्हवलेली होडीही ठेवलेली आहे. गोष्ट ७ सप्टेंबर १८३८ ची. हलहून डंडीला निघालेली फॉर्फरशर ही आगबोट बॉयलर निकामी झाल्याने वाऱ्यावर वाहवली आणि फार्न बेटांजवळच्या खडकावर फुटली. चाळिसाहून जास्त माणसं बुडाली. लाँगस्टोन दीपगृहाच्या खिडकीतून पहाटे ग्रेसला ती फुटकी बोट दिसली. वय बावीस. बाप-लेक दोघं होडी घेऊन निघाले. खडकावर नऊ जण जिवंत होते, त्यात एक बाई. तिची दोन्ही मुलं तिच्या कुशीतच गेली होती. एका खेपेत सगळे मावणार नव्हते. दुसऱ्या खेपेला बाप वाचलेल्यांपैकीच काही खलाशांना घेऊन पुन्हा गेला. ग्रेस दीपगृहात थांबून आलेल्यांची शुश्रूषा करत होती.

दोघांनाही चांदीचं पदक मिळालं. मग देशभर नाव झालं. चित्रकार बेटावर येऊन तिला तासन् तास बसवू लागले, लोक पत्रातून तिच्या केसांची बट मागू लागले, राणीने पन्नास पौंड पाठवले. चार वर्षांत, १८४२ साली ती क्षयाने गेली.

पण मला त्या होडीसमोर आठवत राहिलं ते दुसरंच काहीतरी. आदल्या दिवशी पेटी मिटताना शेजाऱ्यांनी ते जाता जाता सांगितलं होतं. त्याच सकाळी किनाऱ्यावरून, नॉर्थ संडरलँड गावातून सात कोळीही निघाले होते. त्यांच्यात ग्रेसचा सख्खा भाऊ होता. त्यांची वाट बाप-लेकींच्या वाटेपेक्षा कितीतरी लांबची, वादळ तेच. ते खडकावर पोचले तेव्हा वाचवायला कोणी उरलंच नव्हतं, नुसती प्रेतं होती. परत जाता येईना, म्हणून ते दीपगृहावरच येऊन अडकले. एकाच छपराखाली पदक मिळणारी बहीण आणि न मिळणारा भाऊ. आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा त्या लाटांत गेलेले ते खलाशी? त्यांनाही पदक नाही. त्यांच्या नावाची कड कुठल्याच पेटीत सापडायची नाही, मग संग्राहक त्यांचा शोध घेणार तरी कुठून!

हे माझ्या मनाला लागलं त्याचं कारण घरचंच आहे. १९७८ साली मी कोकणात एका खाडीकाठच्या शाळेत होतो. पावसाळ्यात धक्क्याजवळ होडी उलटली. नववीतल्या दोन मुलांनी एकदमच उडी टाकली. एकाच्या हाताला लहान मुलीची वेणी लागली, त्याने तिला काठावर आणलं. दुसरा प्रवाहात सापडला, पाणी प्याला, त्यालाच लोकांनी दोर टाकून ओढून काढलं. पंधरा ऑगस्टला आम्ही पहिल्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. दुसरा तापातून नुकता उठलेला, रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. त्याचं नाव घालावं हे मला सुचलंच नाही, आणि इतर कोणी बोललंही नाही.

पुढे तो मुंबईला गेला, बंदरात नोकरीला लागला असं ऐकलं. त्याचं नाव मला अजून आठवतं. शाळेच्या त्या वर्षीच्या अहवालात मात्र, माझ्याच अक्षरात, एकच नाव आहे.