सिंहगडाकडची अँटेना ते आग्नेयेची छत्री: फुकटच्या टीव्हीची गोष्ट

बचत गटाच्या बैठकीत घरखर्चाचा विषय निघाला की तेल, गॅस, शाळेची फी यांच्या जोडीला हल्ली टीव्हीचं रिचार्जही निघतं. मोबाइलच्या डेटाचे पैसे वेगळेच. टीव्ही म्हटला की दरमहा पैसे, हे आपण धरूनच चालतो. पण पूर्वी तसं नव्हतं आणि आजही तसं असलंच पाहिजे असं नाही. म्हणून आज फुकटच्या टीव्हीची गोष्ट सांगते. सुरुवात आपल्या पिंपरी चिंचवडच्या सांगवीपासूनच करू.

आपल्या देशात टीव्ही आला तो १९५९ साली, दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. जागा गडावरचीच का? कारण टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. मनोरा जेवढा उंच, तेवढी त्याची नजर लांब. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधली आपली सांगवी गडापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. त्यामुळे इथल्या घरांवरच्या अँटेना दक्षिणेला, सिंहगडाकडे तोंड करून असत. वारा सुटला की अँटेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने पत्र्यावर चढायचं, एकीने खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं, आता हलवू नका!"

तेव्हाही हा टीव्ही अगदी फुकट नव्हता बरं का. रेडिओ किंवा टीव्ही घरात ठेवायचा तर दरवर्षी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यावर बंद झाली. त्यानंतर संच विकत घेतला की पुढे काही द्यायचं नाही, असे दिवस आले. १९८२ साली रंगीत चित्र आलं. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी आळी जमायची.

आपल्यासारख्या गटांचाही या इतिहासाशी संबंध आहे. मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम होता, आणि आकाशानंद यांचा 'ज्ञानदीप' होता. 'ज्ञानदीप' बघून गावोगावी ज्ञानदीप मंडळं निघाली. लोक एकत्र बसून बघत, त्यावर बोलत आणि गावात काहीतरी काम हाती घेत. टीव्ही फुकट होता म्हणून तो असा सगळ्यांचा होऊ शकला.

पुढे केबल आली, पैसे मागणाऱ्या डिश कंपन्या आल्या. अँटेना गंजत गेल्या. दूरदर्शननेही जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली. मोजकी महत्त्वाची ठिकाणं सोडून बाकीची ३१ मार्च २०२२पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. २०१६ साली दूरदर्शनने १६ शहरांत अँटेनावरच डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. त्यात आपल्या राज्यातली मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, ही शहरं होती. पण ते पकडणारे संच आपल्याकडे घरोघरी पोचले नाहीत. अमेरिकेत जून २००९मध्ये जुनं प्रक्षेपण मोठ्या प्रमाणावर थांबलं, तरी तिथे डिजिटल अँटेना टिकली. तिथली मराठी कुटुंबंसुद्धा खिडकीत अँटेना ठेवून, संगणकाला ट्यूनर जोडून, स्थानिक वाहिन्या एचडीत फुकट बघू शकतात.

मग आपल्यासाठी काय उरलं? आपल्यासाठी आहे छत्री. १६ डिसेंबर २००४ला दूरदर्शनने ३३ वाहिन्यांची 'डीडी डायरेक्ट प्लस' सेवा सुरू केली. तिचंच पुढे 'डीडी फ्री डिश' झालं. छत्री आणि सेट टॉप बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, दरमहा काही नाही. हे परवडतं कसं? खासगी वाहिन्या इथली जागा लिलावात पैसे देऊन घेतात आणि जाहिरातींतून कमावतात. म्हणूनच कंपन्यांचं मन फिरलं तर वाहिनी जाऊही शकते. २०१९ साली काही लोकप्रिय हिंदी वाहिन्या निघून गेल्या, २०२०मध्ये परत आल्या. आपली 'सह्याद्री' मात्र दूरदर्शनचीच आहे.

आता एचडीचं बघू. जुन्या चित्रात वरून खाली ५७६ रेघा असत, पूर्ण एचडीत १०८० असतात. म्हणून अक्षरं, चेहरे, शिवणाचा टाकासुद्धा स्वच्छ दिसतो. फ्री डिशवर डीडी नॅशनल आणि डीडी न्यूज एचडीत आहेत, पण त्यासाठी एमपेग-४ बॉक्स लागतो. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर त्या दिसत नाहीत. विकत घेताना दुकानदाराला हे आधी विचारा.

गटाच्या कार्यालयात टीव्ही नाही, पण संगणक आहे? तरी चालेल. सोपा मार्ग असा: संगणकाच्या पडद्याला एचडीएमआयची जागा असेल, तर बॉक्सची वायर सरळ तिथे लावा. बऱ्याच पडद्यांना आवाज नसतो, त्यासाठी स्पीकर वेगळा जोडा. हे लॅपटॉपवर करू नका. लॅपटॉपची एचडीएमआयची जागा बहुधा चित्र बाहेर पाठवते, आत घेत नाही.

दुसरा मार्ग ट्यूनरचा. डीव्हीबी-एस२ असं लिहिलेली छोटी डबी मिळते. छत्रीची वायर त्या डबीत आणि डबी संगणकाच्या यूएसबीत. सोबतच्या प्रोग्रॅममध्ये ९३.५ अंश पूर्व हा उपग्रह निवडून वाहिन्या शोधायच्या. संगणक फार जुना असेल तर एचडी चित्र अडखळतं. छत्रीचं तोंड आग्नेयेला, बरंच वर ठेवायचं, समोर झाड किंवा इमारत नको. म्हणजे सांगवीच्या छपरांवर दिशाच बदलली बघा: अँटेना सिंहगडाकडे बघायची, छत्री बघते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावरच्या उपग्रहाकडे.

शेवटी हक्काची गोष्ट. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्याच विचाराच्या वाटेने पुढे २००६ साली सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. २००८ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात दलित शेतकरी बायांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. आपल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' चालतं. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, आणि ते फ्री डिशवर फुकट दिसतात.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक करा. कोणाच्या घरी टीव्हीला महिन्याला किती जातात, त्यातल्या किती वाहिन्या खरंच बघितल्या जातात, हे वहीत लिहा. ज्या फ्री डिशवर मिळतात त्यांच्यापुढे खूण करा. बेरीज तुमची तुम्हालाच दिसेल. मग रिचार्ज चालू ठेवायचं की छत्री घ्यायची, ते घरात बसून ठरवा.