पालटलेला नियम आणि मेंदूतील परतसंकेत : एका कल्पनेचा इतिहास

इंद्रियांनी वार्ता आणावी आणि मेंदूने निर्णय द्यावा, ही कल्पना शरीरक्रियाविज्ञानात दीर्घकाळ रूढ होती. वार्तेचा प्रवाह परिघाकडून केंद्राकडे एकाच दिशेने वाहतो, असे तीत गृहीत धरलेले असे. परंतु जी खूण काल लाभाची होती ती आज निष्फळ ठरली, तर वार्ता तीच राहूनही तिचा अर्थ पालटतो. हा पालट मेंदूत कोठे व कसा घडतो, या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

त्याचा आरंभ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेपाशी नेता येतो. १९२१ साली तेथे शेंगर-क्रेस्तोव्निकोवा यांनी एका कुत्र्याला वर्तुळ दिसल्यास अन्न मिळते व लंबवर्तुळ दिसल्यास मिळत नाही, असे शिकविले. पुढे लंबवर्तुळ क्रमाक्रमाने वर्तुळासारखे करण्यात आले. अक्षांचे प्रमाण ९:८ झाल्यावर कुत्रा केकाटू लागला आणि पूर्वी साधलेला सोपा भेदही त्याला साधेना. पाव्हलॉव्हने याचे कारण उद्दीपन व निरोध यांच्या संघर्षात शोधले. तथापि येथे नियम पालटला नव्हता, तो ओळखणे तेवढे दुष्कर झाले होते.

१९४८ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी नॉर्बर्ट वीनर यांनी, परिणामाची वार्ता कर्त्याकडे परत येऊन पुढील कृतीला वळण देते, या यंत्रविद्येतील कल्पनेला सजीवांच्या अभ्यासात व्यापक स्थान दिले. आपल्या शास्त्राचे नाव त्यांनी सुकाणू धरणाऱ्याच्या ग्रीक नावावरून घडविले. त्याच वर्षी ग्रँट व बर्ग यांनी पत्त्यांच्या वर्गीकरणाची कसोटी प्रसिद्ध केली. तीत रंग, आकार व संख्या यांपैकी एक निकष लागू असे, आणि पूर्वसूचना न देता तो बदलला जाई. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढाच शब्द परीक्ष्याला ऐकू येई. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ साली दाखविले की, ललाटखंडाचा विशिष्ट भाग काढलेले रुग्ण ‘चूक’ हा शब्द ऐकूनही जुन्याच निकषाला चिकटून राहतात. सूचना अक्षरशः म्हणून दाखविणारा रुग्ण ती आचरणात आणू शकत नाही, असे लुरिया यांनीही नोंदविले आहे. शब्द पोहोचणे आणि त्याने कृतीचे नियमन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

पुढे संशोधन पेशींपर्यंत पोहोचले. १९८३ साली थॉर्प, रोल्स व मॅडिसन यांना माकडाच्या नेत्रकोटरावरील ललाटभागात अशा पेशी आढळल्या, की कोणत्या खुणेमागे गोड रस व कोणत्या खुणेमागे खारे पाणी, हा क्रम उलटताच त्यांचा प्रतिसादही उलटे. १९९७ साली शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू यांनी डोपामीन-पेशींच्या संकेताचा अर्थ अपेक्षा व प्राप्ती यांतील तफावत असा लावला. अपेक्षित रस न मिळाल्यास या पेशी क्षणभर मंदावतात. नियम पालटल्याची पहिली वार्ता अशी अपेक्षाभंगातून मिळते.

२०२० साली झुरिक येथील बॅनर्जी, हेल्मखेन आदींनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मिशांनी काचकागदाचा खरखरीतपणा ओळखणाऱ्या उंदरांपुढे लाभाचा नियम उलटला, तेव्हा स्पर्शक्षेत्रातील काही पेशींचे प्रतिसादही नव्या नियमानुसार बदलले. नेत्रकोटरावरील ललाटभाग तात्पुरता निष्क्रिय केल्यास हा बदल नीट होईना व नवा नियम शिकणेही अवघड जाई. म्हणजे वरून परतणारा संकेत ज्ञानेंद्रियांच्या क्षेत्रापर्यंत पोहोचून तेथील पेशींना नवे मूल्य शिकवितो.

या निष्कर्षाला एक मर्यादा घालणे इष्ट आहे. माकडांवरील जुन्या प्रयोगांत हा ललाटभाग शस्त्राने काढल्यावर नियमपालट शिकता येत नसे. परंतु २०१३ साली रूडबेक, मरी आदींनी लगतचे तंतू शाबूत ठेवून केवळ पेशी नष्ट केल्या, तेव्हा ती उणीव दिसली नाही. जुन्या निष्कर्षाचे श्रेय तुटलेल्या तंतूंकडे जाते, असा याचा अर्थ. उंदरावरून माकडाविषयी व माकडावरून मनुष्याविषयी अनुमान करताना हा धडा विसरून चालणार नाही. नव्या पुराव्यापुढे जुनी धारणा सोडण्याची जी कसोटी या शास्त्राने प्राण्यांना लावली, तीच त्याला स्वतःलाही द्यावी लागली आहे.