सामान तुमचं, मजुरी माझी

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथल्या कुठल्याही गॅरेजात गाडी लावा. मिस्त्री आधी गाडीभोवती एक फेरी मारतो, बॉनेट उघडतो, आवाज ऐकतो आणि मग ठरलेलं वाक्य येतं: ‘सामान तुमचं, मजुरी माझी.’ किती मजुरी, असं विचारलं की तो आकडा सांगतो, तास सांगत नाही. क्लचप्लेटचे इतके, हेड उतरवायचे इतके, पाटे खोलून चढवायचे इतके. तीच गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली तर छापील बिलात ‘लेबर’ या सदराखाली कामांची यादी येते आणि प्रत्येक कामापुढे रक्कम. ती रक्कम तासांच्या हिशेबातून आलेली असते, पण तुमच्या गाडीला लागलेले तास कुणी मोजलेले नसतात. या दोन्ही रिवाजांचं कूळ शोधत गेलं तर एक वाट गावच्या लोहाराच्या भात्यापाशी जाते आणि दुसरी अमेरिकेतल्या पोलादाच्या कारखान्यात.

लोहारापासून सुरुवात करू. जुन्या गावगाड्यात दुरुस्तीचे पैसे कामागणिक द्यायचेच नसत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुत्याची ही सारी व्यवस्था तपशिलानं आलेली आहे. सुतार आणि लोहार हे वरच्या ओळीचे बलुतेदार, म्हणजे खळ्यावर त्यांचा वाटा मोठा. नांगराचा फाळ बोथट झाला, कुळवाची फास वाकली, की कुणबी ती घेऊन लोहाराच्या दारात जाई. लोखंड कुणब्याचं, कोळसा कुणब्याचा, आणि भाता ओढायला किंवा घण मारायलाही पुष्कळदा तोच. लोहाराचे असत ते हात आणि नजर. पैशाचा विषय त्या दिवशी निघत नसे. सुगी झाली की खळ्यावर धान्य. अगदी नवी बैलगाडी बांधायची तर तिचं वेगळं ठरे, पण मोडतोड बलुत्यात. ‘सामान तुमचं, मजुरी माझी’ या वाक्याचं मूळ मला इथेच दिसतं.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. ती जातीनं बांधलेली होती, लोहाराच्या पोरानं लोहारच व्हायचं होतं, आणि खळ्यावर किती टाकायचं हे शेवटी कुणब्याच्या मर्जीवर होतं. दुष्काळ पडला तर बलुतेदार पहिला उपाशी. पण हिशेबाच्या बाजूनं तिच्यात एक गोष्ट होती आणि ती पुढे हरवली. लोहाराला गावात असण्याचा मोबदला मिळे. फाळ वर्षात दोनदा आणला काय, सहादा आणला काय, धान्य तेच. हातात घेऊन वाजवून ‘हा आता धार धरायचा नाही, नवा घाल’ असं सांगण्यातली जाणही त्याच धान्यात मोजलेली. बघण्याचे पैसे वेगळे मागावे लागत नव्हते, कारण ते आधीच दिलेले होते.

मजुरी मोजायच्या बाकीच्या दोन तऱ्हा म्हणजे रोज आणि उक्तं. जुन्नर-आंबेगावात दोन्ही आजही शेतात चालू आहेत. खुरपणीला बाया रोजानं येतात. कांद्याची लागवड टोळी एकरावर उक्ती घेते. रोजाच्या कामावर मालकाला बांधावर उभं राहावं लागतं. उक्त्यात ते लागत नाही, पण रोपं नीट दाबली की नुसती खोचली हे मागाहून वाकून बघावं लागतं. ट्रॅक्टरची नांगरट एकरावर ठरते. विहिरीवरची मोटार जळाली तर रिवायंडिंगचा भाव एचपीवर. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावोगावचे यात्रेचे पंच तमाशा ठरवायला येतात तेव्हा खेळाची सुपारी ठरते, रात्रीचे तास कुणी मोजत नाही. या सगळ्या मुलखात खऱ्या घड्याळावर चालतो तो जेसीबी, कारण त्याच्या यंत्रातच तासांचं मीटर बसवलेलं आहे आणि ते दोघांनाही दिसतं. मीटर नसेल तिथे माणसं उक्त्याकडे वळतात, आणि ते शहाणपणाचं आहे. दुसऱ्याच्या वेळेवर वाद घालण्यापेक्षा कामावर सौदा केलेला बरा.

यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री या भागात मोटारगाडीच्या आधी इंजिनासाठी आला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली पुण्यात खडकीला सुरू झाली आणि विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन बसू लागलं. पुढे कुकडी प्रकल्पाची धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. पाणी आलं, ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचे क्रेट भरभरून जीप, टेम्पो आणि 2005 नंतर छोटा हत्ती धावू लागला. या गाड्यांची मजुरी ठरवताना मिस्त्रीसमोर कसलंही पुस्तक नव्हतं. शेतातली उक्त्याची रीत समोर होती, ती त्यानं उचलली. उस्तादाच्या हाताखाली पहिली वर्षं पाने हातात देण्यात आणि डिझेलनं भाग धुण्यात जातात. कामाचा भाव कसा सांगायचा हेही पोरगा तिथेच ऐकून शिकतो.

आता दुसरी वाट. फ्रेडरिक टेलर नावाचा अभियंता 1880 च्या दशकात फिलाडेल्फियातल्या मिडवेल पोलाद कारखान्यात होता. लेथवरचा माणूस मुद्दाम सावकाश काम करतो, असं त्याचं म्हणणं. त्यानं काम सुटं केलं, एकेका हालचालीला स्टॉपवॉच लावलं आणि ‘या कामाला इतका वेळ पुरे’ असं कागदावर ठरवलं. त्याचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक 1911 साली आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातले ओतकाम करणारे कामगार या स्टॉपवॉचविरुद्ध संपावर गेले, आणि पुढे अमेरिकी काँग्रेसनं सरकारी शस्त्रागारांत अशा वेळमोजणीवर बंदी घातली. ती 1949 पर्यंत टिकली. वेळ कोण ठरवतो, हा वाद या पद्धतीला जन्मापासून चिकटलेला आहे.

फोर्डनं 1913 साली सरकती जोडणीसाखळी सुरू केली आणि मॉडेल टी गाड्यांचा पूर आला. गाड्या एका साच्याच्या, मग दुरुस्तीही एका साच्याची का नको? फोर्डनं आपल्या डीलरांच्या वर्कशॉपात कारखान्याची शिस्त आणायचा नेटानं प्रयत्न केला. कामाची वाटणी, ठरलेली हत्यारं आणि प्रत्येक दुरुस्तीचा ठरलेला दर. वाटणी काही टिकली नाही, कारण बिघडलेली गाडी साखळीवरून येत नाही. प्रत्येक गाडी आपली व्यथा घेऊन येते. ठरलेला दर मात्र टिकला. 1920 च्या दशकात अशा दरांची पुस्तकं निघू लागली. अमुक कामाला अमुक तास, त्याला वर्कशॉपच्या तासाच्या दरानं गुणायचं. त्या देशात मेकॅनिकचा पगारही पुष्कळ ठिकाणी याच तासांवर निघतो. पुस्तकात 4 तास असलेलं काम अडीच तासांत उरकलं तरी 4 तासांचे पैसे, आणि 6 तास लागले तरी 4 चेच. म्हणजे तासाचं नाव असलं तरी व्यवहार उक्त्याचाच. फरक एवढाच, की भाव गॅरेजच्या पायरीवर ठरत नाही, कंपनीच्या कचेरीत ठरतो.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली स्थापन झाली, पण सर्वसामान्य गाडीवाल्याला ‘लेबर’ हा वेगळा रकाना घरोघरी माहीत झाला तो 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आल्यानंतर. नव्या गाडीबरोबर फ्री सर्व्हिसची कुपनं मिळत. सर्व्हिस फुकट म्हणजे मजुरी फुकट. ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडायचेच. सामान आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या कुपनांनी शिकवलं. 2001 साली अधिकृत सर्व्हिस स्टेशनांच्या कामावर सेवा कर लागला, तेव्हा 5 टक्के. 1 जुलै 2017 पासून जीएसटी, मजुरीवर 18 टक्के. करासाठी का होईना, मजुरी कागदावर सुटी लिहिणं भाग पडलं. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या रस्त्याकडेच्या गॅरेजाला ही नोंदणी लागत नाही, म्हणून तिथला हिशेब अजून तोंडी किंवा डायरीच्या पानावर.

पुस्तकातले तास कसे ठरतात ते बघितलं तर त्यांची मर्यादा लगेच कळते. कंपनीचा शिकलेला माणूस, नवी गाडी, सगळी हत्यारं हाताशी, लिफ्टवर गाडी. त्यात काम करून वेळ मोजायचा आणि थोडी सूट धरायची. आता याच्याशेजारी आठ पावसाळे माळशेजच्या घाटातून टोमॅटो घेऊन कल्याणला गेलेली पिकअप उभी करा. खालचा बोल्ट चिखल आणि गंजानं एकजीव झालेला. मिस्त्री आधी तारेच्या ब्रशनं घासतो, डिझेल सोडतो, थांबतो. रिंग पाना लावून पाइपचा तुकडा दांड्यावर चढवतो आणि अंगाचा भार देतो. बोल्ट कुरकुरतो. इथे घाई केली तर डोकं तुटतं आणि दांडा आतच राहतो. मग गॅसनं तापवायचा, नाही निघाला तर ड्रिल मारायचं, आटे गेले असतील तर नवे पाडून घ्यायचे. पुस्तकात अर्ध्या तासाचं म्हणून लिहिलेलं काम अर्ध्या दिवसाचं होतं. उक्ता आकडा सांगणारा मिस्त्री असा बोल्ट आधी बोटानं चाचपून बघतो आणि आकड्यात तेवढं धरतो. म्हणून एकाच कामाचा भाव दोन गाड्यांना वेगळा सांगितला म्हणजे तो लुबाडतोय असं होत नाही. त्यानं कारण सांगितलं पाहिजे, एवढं मात्र खरं.

दोन्ही पद्धतींत एक भोक सारखंच आहे. दोन्ही कामाचे पैसे देतात, शोधाचे देत नाहीत. 1941 साली रीडर्स डायजेस्टच्या दोन माणसांनी गाडी घेऊन सारी अमेरिका पालथी घातली. गॅरेज दिसलं की इग्निशन कॉइलची एक तार मुद्दाम काढायची आणि गाडी बिघडली म्हणून आत न्यायची. 347 गॅरेजांपैकी 218 ठिकाणी त्यांना फसवलं गेलं. नको ती कामं, नको ते भाग. हा वृत्तान्त गाजला तो मेकॅनिकांच्या बेइमानीसाठी. मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. तार सुटली आहे हे ओळखून ती परत खोचणाऱ्या इमानदार माणसाला बिलात लिहायला काही नव्हतंच. जोडायला एक क्षण, सामान शून्य. ज्ञानाला रकाना नसेल तर माणूस ते सामानात घालून विकतो, मग चांगला असो वा वाईट.

आपल्याकडेही तेच चालतं. ‘नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?’ हे गिऱ्हाइकाचं वाक्य इतकं पक्कं आहे की मिस्त्री मागतच नाही. मग तो ओळखीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात धाडतो आणि तिथून त्याचं काहीतरी सुटतं. सामान तुमचं खरं, पण त्यातला थोडा भाग त्याच्या नजरेची मजुरी असतो, आणि तो जितका महागाचा भाग बदलेल तितकी ती वाढते. यात नुकसान शेवटी गाडीवाल्याचंच. बलुत्याचं धान्य गेलं आणि बघण्याचा मोबदला कुठल्याच रकान्यात पुन्हा बसला नाही.

अलीकडे तो एका वेगळ्या दारानं परत येतो आहे. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 च्या आल्या, सेन्सर वाढले, आणि डिझेल पिकअपचा डॅशबोर्डवरचा दिवा पेटला की नुसत्या कानावर भागत नाही. गॅरेजवाल्यानं स्कॅनर घेतला आणि ‘स्कॅनिंगचे इतके’ असं तो मोकळेपणानं सांगू लागला. लोक ते देतात, कारण यंत्र लावलेलं डोळ्यांना दिसतं. पण स्कॅनर फक्त कोड दाखवतो. सेन्सर गेला, की त्याची तार उंदरानं कुरतडली, की कनेक्टरात पाणी शिरलं, हे मीटर लावून, वायरिंग हातानं चाचपत मिस्त्रीलाच शोधावं लागतं, आणि त्यात दीड तास सहज जातो. तेव्हा यंत्राचे पैसे देताना कुरकुर न करणाऱ्यानं त्या दीड तासाचेही द्यावेत. मिस्त्रीनं तपासणीचा आकडा बॉनेट उघडण्याआधी सांगावा, काम इथेच केलं तर तो मजुरीतून वजा होईल की नाही हेही सांगावं, आणि गिऱ्हाइकानं काम दुसरीकडे न्यायचं ठरवलं तरी तेवढे पैसे देऊनच गाडी बाहेर काढावी.